मंडळाच्या शताब्दीचं शिल्प: पहिल्यांदाच उभारणाऱ्यांसाठी

गणेशोत्सव मंडळाला पंचाहत्तर किंवा शंभर वर्षं होत आली की बैठकीत कोणीतरी म्हणतंच, 'यंदा देखाव्यावर पैसे नकोत, कायमचं काहीतरी करू.' मग चौकात एखादं शिल्प उभारायचं ठरतं, टाळ्या पडतात आणि वर्गणीचं पुस्तक छापायला जातं. अडचणी त्यानंतर सुरू होतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांचा सगळा सराव दहा-बारा दिवस टिकणाऱ्या कामाचा असतो. रात्रभर जागून मंडप उभा करणं, ऐनवेळी लायटिंगवाला बदलणं, परवानगी हातात येण्याआधीच खड्डे घेणं, हे सगळं उत्सवात खपून जातं. पन्नास वर्षं उभं राहणाऱ्या कामात यातलं काहीच चालत नाही.

म्हणून क्रम उलटा धरा. जागा, परवानगी आणि पुढची देखभाल आधी ठरवा, काय घडवायचं ते त्यानंतर. बहुतेक मंडळं चित्रापासून सुरुवात करतात आणि जागेपाशी येऊन अडकतात.

पहिली पायरी: वर्ष नक्की करा

हे किरकोळ वाटेल, पण दगडात कोरलेला आकडा नंतर खोडता येत नाही. १९२६ साली पहिला गणपती बसला आणि एकदाही खंड पडला नाही, असं धरू. मग शंभरावा उत्सव २०२५ मध्ये झाला आणि शंभर वर्षं पूर्ण होतात २०२६ मध्ये. दोन्ही बरोबर आहे, पण फलकावर 'शंभरावा उत्सव' लिहायचं की 'शंभर वर्षं पूर्ण' हे आधी ठरायला हवं. खंड पडला असेल तर आणखी गुंता. २०२० च्या करोनाच्या वर्षी १९३४ पासून चालत आलेल्या लालबागच्या राजाच्या मंडळानेही नेहमीची मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला होता. असं वर्ष मोजायचं की वगळायचं, याचा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या.

मुळातलं सालही तपासा. पुण्यात २०१७ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाचं १२५ वं वर्ष साजरं झालं, तेव्हा सुरुवात १८९२ ची भाऊसाहेब रंगारींची की १८९३ ची लोकमान्यांची, यावरून चांगलाच वाद रंगला. तुमच्या गल्लीत एवढा गाजावाजा होणार नाही, पण शेजारच्या मंडळाचे आजोबा 'तुमच्या आधी आमचा' म्हणत येतीलच. जुन्या पावत्या, स्मरणिका, वार्षिक अहवाल, नोंदणीचं प्रमाणपत्र, पोलीस परवाने, जे सापडेल ते एका फाइलमध्ये लावा. हीच फाइल पुढे शिल्पाचा विषय शोधायलाही कामी येते.

वेळेचं म्हणाल तर दोन ते तीन वर्षं आधी सुरुवात करा. आठ-दहा फुटी ब्राँझच्या कामाला, मातीपासून उभारणीपर्यंत, आठ-दहा महिने सहज जातात, तेही शिल्पकार मोकळा असेल तर. परवानग्यांना किती लागतील ते कोणीच सांगू शकत नाही. गुढीपाडव्याला ठरवून चतुर्थीला अनावरण, असा बेत असेल तर सरळ एक चांगली स्मरणिका काढा.

दुसरी पायरी: जागा आणि परवानगी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

१८ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या इतर जागांवर पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये. त्याच प्रकरणात २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने रस्ते, उद्यानं आणि सार्वजनिक जागांवर धार्मिक स्थळांच्या नव्या अनधिकृत बांधकामांना आधीच मनाई झालेली होती. म्हणजे 'चौकात आपल्या बाप्पाची ब्राँझची मूर्ती बसवू' ही कल्पना दोन्हीकडून अडते. नगरसेवकांनी 'करून घेऊ' म्हटलं तरी अडते.

२०१३ च्याच आदेशात पथदिवे, वाहतुकीच्या सोयी आणि रस्त्यांचा विकास व सुशोभीकरण यांना वगळलं आहे. शहरांतल्या चौकांत, वाहतूक बेटांवर दिसणारी बरीच शिल्पं सुशोभीकरणाच्या नावाखाली उभी राहतात. पण अशा कामाचा प्रस्ताव आणि मालकी महापालिकेची किंवा नगरपरिषदेची असते. मंडळ फार तर खर्च उचलतं. सुशोभीकरण म्हणजे सरसकट मोकळीक असंही समजू नका. कागद पालिकेच्या विधी विभागाकडून तपासून घ्या आणि तोंडी होकारावर एक विटही लावू नका.

नवख्या मंडळाने जागा या क्रमाने शोधाव्यात, असं मी सुचवेन. सगळ्यात आधी मंडळाच्या ट्रस्टच्या नावावरची जागा: कार्यालयाचं आवार, वाचनालय, व्यायामशाळा. ती नसेल तर शाळा, गृहसंस्था किंवा चाळ यांची खासगी पण रस्त्यावरून दिसणारी जागा, मालकाच्या लेखी संमतीसह. त्यानंतर पालिकेचं उद्यान. रस्त्यावरचा चौक सर्वांत शेवटी. खासगी जागेतही चौथऱ्याच्या बांधकामाला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागू शकते. परिसर वारसा यादीत असेल तर वारसा समितीकडेही जावं लागतं. गिरगाव किंवा पुण्याच्या पेठांमधल्या मंडळांनी हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं.

शिल्प एखाद्या व्यक्तीचं असेल, म्हणजे संस्थापकांचा किंवा राष्ट्रपुरुषाचा पुतळा, तर मामला वेगळा. पुतळ्यांसाठी राज्य सरकारची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलिसांचा ना-हरकत दाखला लागतो, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. त्या वाटेला जायचं तर आणखी एक वर्ष धरा.

कागदांबरोबर जागा पायांनीही तपासा. सकाळी, भर दुपारी आणि रात्री तिथे जाऊन उभे राहा. रिक्षावाले कुठे थांबतात, कचऱ्याची गाडी कुठून वळते, पावसाळ्यात पाणी कुठे साठतं ते बघा. जमिनीखालून पाण्याची लाइन, विजेची केबल, गटार जातंय का हे वॉर्ड ऑफिसमधून लेखी घ्या. आणि उत्सवाच्या शिल्पाबाबत हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे उत्सव. दरवर्षी मंडप पडतो त्याच जागी शिल्प आलं तर पुढच्या वर्षी मंडप कुठे? विसर्जनाचा रथ तिथे वळेल का? ढोलपथकाचा रिंगण मावेल का? शंभर वर्षांच्या आठवणीसाठी उभारलेल्या शिल्पाने एकशे एकावी मिरवणूक अडवावी, हा विनोद तुमच्या गल्लीत नको.

तिसरी पायरी: विषय

मूर्ती नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याचं सोडा. चौकातल्या मूर्तीला दुसऱ्या दिवशी हार पडतो, चौथ्या दिवशी कोणीतरी निरांजन ठेवतं, महिन्याभरात वर पत्र्याची शेड येते. मग ते शिल्प राहत नाही, मंदिर होतं. शिवाय पार्थिव मूर्ती आणून तिचं विसर्जन करणाऱ्या उत्सवाची आठवण न विरघळणाऱ्या मूर्तीने ठेवावी, हे मला पटतही नाही.

उत्सव माणसांचा असतो, तिथे विषय शोधा. ढोल उचललेली मुलगी, लेझमीची रांग, पाटावर मूर्ती घेऊन जिना उतरणारे चाळकरी, पावती फाडणारा खजिनदार (हसू नका, चांगलं शिल्प होईल). तुमचा भाग गिरण्यांचा असेल, कोळीवाडा असेल, विणकरांची वस्ती असेल तर त्या कामाची खूण त्यात यायला हवी, नाहीतर तेच शिल्प कुठल्याही शहरात शोभेल.

मुंबईतलं एक उदाहरण आवर्जून जाऊन बघा. काळा घोडा हे नाव पडलं ते सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून. तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि आता तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. नाव राहिलं, घोडा गेला. १९९९ पासून तिथे कला महोत्सव भरतो. तो भरवणाऱ्या काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने २०१७ मध्ये नवा घोडा उभा राहिला. कल्पना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची, घडवला शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी. या घोड्यावर स्वार नाही. राजा कोण, का, कशाला, हे सगळे वाद एका निर्णयाने बाजूला पडले आणि जागेचं नाव मात्र जागेवर परत आलं. विषय निवडताना असं काहीतरी सुचायला हवं, आणि ते समितीत बसून सुचत नाही. तेवढ्यासाठी शिल्पकार लवकर सोबत घ्यावा लागतो.

चौथी पायरी: शिल्पकार

'आपले मूर्तिकार आहेत की!' हे वाक्य येणारच. शाडूची आणि प्लास्टरची मूर्ती घडवणं आणि उघड्यावर उभं राहणारं धातूचं शिल्प करणं ही दोन वेगळी कामं आहेत. हात तोच असला तरी सांगाडा, ओतकाम, जोड, वाऱ्याचा दाब यांचं ज्ञान वेगळं लागतं. ते शिकता येतं, याचा दाखला म्हणजे वि. पां. करमरकर. अलिबागजवळच्या सासवण्यात गणपती घडवणाऱ्या घरात वाढलेला हा मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि पुढे पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा त्याने घडवला, १९२८ मध्ये. सासवण्याला त्यांच्या घरीच त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. शिल्प समितीची पहिली सहल तिथेच काढा. बैठकीतल्या चर्चेपेक्षा नजर तयार होणं जास्त महत्त्वाचं.

निवडीची साधी पद्धत अशी. जे. जे. किंवा तुमच्या भागातल्या कला महाविद्यालयाच्या शिल्पकला विभागाकडून नावं घ्या. तीन शिल्पकारांना जागा दाखवा, कागदपत्रांची फाइल द्या, जुन्या कार्यकर्त्यांशी बोलू द्या आणि प्रत्येकाकडून दीड-दोन फुटी नमुना मागवा. या नमुन्याचे पैसे तिघांनाही द्या. फुकट नमुने मागवले की चांगले लोक येत नाहीत आणि येतात ते आधीचंच काम रंग बदलून दाखवतात. कोणाचं किमान दहा वर्षं जुनं काम उघड्यावर उभं असेल तर ते स्वतः जाऊन बघा, तेही पावसाळ्यानंतर.

निवड समिती पाच जणांची पुरे. त्यात एक कलेतला, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि त्या चौकात राहणारी, मंडळाची सभासद नसलेली एक व्यक्ती हवीच.

पाचवी पायरी: कशात घडवायचं

ब्राँझ महाग, पण नीट केलं तर पिढ्यान्पिढ्या टिकतं. आपल्याकडच्या निविदांमध्ये ८५:५:५:५ असा मिश्रधातू नेहमी मागतात, म्हणजे तांबं ८५ टक्के आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५. पत्र्याची जाडी सहा ते आठ मिलिमीटर मागा. वजनाचा अंदाज तुम्हीही काढू शकता: सहा मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर ब्राँझचं वजन साधारण ५३ किलो भरतं. दहा चौरस मीटर पृष्ठभाग असेल तर आतला सांगाडा सोडून पाचशे किलोंच्या वर. दरपत्रकातलं वजन यापेक्षा फारच कमी दिसलं तर जाडी कुठे गेली ते विचारा.

स्टेनलेस स्टीलला आधुनिक घाट छान शोभतो. किनाऱ्यावरच्या गावांत ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडच घ्या. खाऱ्या हवेत ३०४ वर तपकिरी डाग धरतात. काळा पाषाण आपल्या मातीतला आहे, त्याला देखभाल सर्वांत कमी लागते, पण बारीक, हवेत तरंगणारे आकार त्यात जमत नाहीत. फायबर स्वस्त आणि हलकं. उन्हाने रंग उडतो, तडे जातात, आणि दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी सोनेरी ऑइलपेंट मारतो. पैसे फायबरपुरतेच असतील तर आकार लहान करा आणि दगडात जा.

सहावी पायरी: करार आणि पैसे

देणग्यांसाठी उत्सवाच्या वर्गणीपासून वेगळं खातं ठेवा आणि धर्मादाय आयुक्तांकडे द्यायच्या हिशोबात शिल्पाचा खर्च वेगळा दाखवा. ट्रस्टला आयकराची ८०-जी मान्यता (देणगीवर करसवलत देणारी) असेल तर देणगीदारांना एवढं सांगा की दोन हजार रुपयांवरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही.

शिल्पकाराला पैसे टप्प्याने द्या: करारावर, मातीचं मोठं मॉडेल मंजूर झाल्यावर, ओतकाम झाल्यावर, उभारणीनंतर. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर. पाया, चौथरा, क्रेन, वाहतूक, विमा, दिवे आणि जीएसटी दरपत्रकात धरले आहेत का ते ओळीने तपासा. सगळे वाद 'ते आमच्याकडे नव्हतं' या वाक्यापासून सुरू होतात.

कॉपीराइटचं कलम बहुतेक करारांत नसतंच. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे पैसे मंडळाने दिले तरी शिल्पाचा कॉपीराइट मुळात शिल्पकाराचाच असतो. टी-शर्टवर, मोदकांच्या डब्यावर त्याची प्रतिकृती छापायची असेल तर हक्क लेखी घ्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचाच धरला जातो. याशिवाय कलम ५७ ने कलावंताला आपल्या कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क दिला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि पाच लाखांची भरपाईही. तेव्हा रस्तारुंदीत शिल्प हलवावं लागलं तर काय, रंग किंवा चौथरा बदलायचा असेल तर कोणाला विचारायचं, हे करारातच लिहा.

सातवी पायरी: मातीपासून चौथऱ्यापर्यंत

नमुना मंजूर झाला की शिल्पकार प्रत्यक्ष मापाचं मातीचं मॉडेल करतो. समितीने सूचना द्यायच्या त्या इथेच. नाक, फेटा, नऊवारीचा काष्टा, ढोलाच्या दोऱ्या, जे बोलायचं ते मातीसमोर उभं राहून बोला. साचा घेतल्यानंतरचा प्रत्येक बदल पैशात आणि महिन्यांत मोजला जातो. मॉडेल जमिनीवर असतं, शिल्प चौथऱ्यावर जाणार, म्हणून खाली बसूनही बघा. मातीवरून साचा, साच्यात मेण, मेणाभोवती उष्णता सोसणारं कवच, मेण वितळवून त्या पोकळीत धातू. मोठं शिल्प तुकड्यांत ओततात आणि मग जोडतात. ओतकामाच्या दिवशी चार कार्यकर्त्यांनी हजर राहावं, जाडी मोजावी, जोडांचे फोटो काढून फाइलला लावावेत.

मालवणचा राजकोट किल्ला इथे विसरू नका. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं चौकशीत पुढे आली. आपण मान्यता दिली ती सहा फुटी नमुन्याला, असं कला संचालकांनी तेव्हा सांगितलं होतं. छोटा नमुना उभा राहतो म्हणून मोठा राहील असं नाही. उंची दुप्पट झाली की वाऱ्याला अडणारं क्षेत्रफळ चौपट होतं आणि तोही जोर आणखी उंचावर लागतो. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअर शिल्पकाराचा नको, मंडळाने स्वतंत्र नेमलेला हवा, आणि त्याचं सहीशिक्क्याचं गणित फाइलमध्ये हवं. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ आणि १४० किलोमीटर.

इंजिनिअरशी बोलताना तीन गोष्टी विचारा. आतला सांगाडा कशाचा? साधं लोखंड ब्राँझला टेकलं आणि ओल आली की लोखंड झपाट्याने गंजतं, म्हणून आत स्टेनलेस स्टील घ्यावं. आत शिरलेलं पाणी बाहेर कुठून पडणार? तळाशी निचऱ्याची भोकं नसतील तर शिल्प आतून सडतं. आणि पाया कशावर? काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. ती काढून मुरूम किंवा कातळापर्यंत जावं लागतं.

आठवी पायरी: फलक आणि अनावरण

फलकावर उत्सवाचं नाव, साल, शिल्पाचं नाव, शिल्पकाराचं नाव आणि दोन ओळींचा इतिहास. बस. कार्यकारिणीची तेवीस नावं आणि मान्यवरांचे हुद्दे स्मरणिकेत छापा. मजकूर शुद्धलेखन जाणणाऱ्या दोघांकडून वाचून घ्या. 'शताब्दि' की 'शताब्दी' हे कोरणारा ठरवणार नाही.

तारीख धरताना निवडणुकांचं वेळापत्रक बघा. आचारसंहिता लागली की पालिकेच्या सहभागाचं अनावरण अडकतं. पाहुणा कोण यावर समिती फुटण्याची शक्यता असेल तर मंडळाच्या सर्वांत वयस्कर सभासदाला बोलवा.

नववी पायरी: निगा

एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम पहिल्या दिवशीच मुदत ठेवीत टाका, आणि जागा पालिकेची असेल तर शिल्प कोण धुणार, दिव्याचं बिल कोण भरणार याचं पत्र घ्या. ब्राँझला वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करून मेणाचा पातळ हात द्यायचा. पितांबरी, चिंच, लिंबू, ॲसिड यातलं काहीही लावायचं नाही. उत्साही कार्यकर्ते अनावरणाच्या आदल्या रात्री शिल्प 'चकाचक' करतात आणि शिल्पकाराने महिनाभर खपून चढवलेला पॅटिना, म्हणजे धातूवरचा रंगाचा थर, तासाभरात जातो.

मिरवणुकीच्या दिवशी शिल्प कापडाने झाका. गुलाल ओल्या धातूवर आणि दगडाच्या छिद्रांत बसतो, निघता निघत नाही. चौथऱ्याला बॅनरची दोरी आणि ध्वनिक्षेपकाचा खांब बांधायला पहिल्याच वर्षी मनाई करा, आणि ती आपल्या मंडळापासून सुरू करा. दर पाच वर्षांनी इंजिनिअरकडून बोल्ट, जोड आणि तडे तपासून घ्या. करार, गणितं, ओतकामाचे फोटो आणि मेणाच्या डब्याचं बिलसुद्धा असलेली फाइल दरवर्षी नव्या कार्यकारिणीच्या सचिवाकडे सही घेऊन सोपवा.